ऑफिसातल्या इंग्रजी वाक्प्रचारांचं मूळ तपासायचं कसं, वर्गात सांगायचं कसं

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही स्पोकन इंग्लिशच्या वर्गात मुलाखतीची तयारी सुरू झाली की वहीत एक यादी उतरते: डेडलाइन, रेड टेप, लर्न द रोप्स, ग्लास सीलिंग, गेट द सॅक. समोर मराठी अर्थ. मुलं यादी घोकतात आणि मुलाखतीत नेमका शब्द भलत्या जागी पडतो. अर्थ पाठ असतो, पण तो शब्द कुठल्या कामातून, कुठल्या हत्यारातून आला हे माहीत नसतं. ते सांगितलं की शब्द डोक्यात बसतो आणि कुठे वापरायचा हेही कळतं. अडचण एकच: शब्दांचं मूळ म्हणून मोबाइलवर जे फिरतं त्यात बनावट माल फार आहे आणि शिक्षकाने सांगितलेली खोटी गोष्ट मुलं जन्मभर खरी धरून चालतात. म्हणून आधी तपासा, मग सांगा. हा क्रम मोडू नका.

आधी तारीख, मग गोष्ट

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी घराघरांतली दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली. त्यांचा शेवटचा काळ धुळ्यात गेला, १९२६ साली तिथेच ते वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. अस्सल कागद असेल तर बोला, ही त्यांची शिस्त वाक्प्रचारांनाही जशीच्या तशी लागू पडते. वाक्प्रचार छापात पहिल्यांदा कधी दिसला ते बघा. मग गोष्टीतला काळ त्याच्याशी ताडून पाहा. बहुतेक भाकडकथा या एका चाळणीतच गळून पडतात.

सुरुवात मेरियम-वेबस्टरच्या फुकट ऑनलाइन कोशापासून करा. तिथे नोंदीच्या तळाशी पहिल्या ज्ञात वापराचं साल दिलेलं असतं. त्यानंतर एटिमऑनलाइन हा इंग्रजी शब्दांच्या मुळांचा ऑनलाइन कोश पाहा. दोन्हींत फरक दिसला तर गूगल बुक्सवर जा. वाक्प्रचार दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, 'टूल्स'मध्ये काळाची मर्यादा स्वतः भरा, उदाहरणार्थ १८०० ते १८५०, आणि जे पान सापडेल ते उघडून वाचा. नुसत्या यादीवर विसंबलात तर फसाल. नियतकालिकांच्या बाबतीत गूगल बऱ्याचदा पहिल्या अंकाचं साल दाखवतं, त्यामुळे १९२० नंतरचा लेख १८८० चा वाटतो. मुखपृष्ठावरचं किंवा पानाच्या माथ्यावरचं साल डोळ्यांनी बघा. १८०० च्या आधीच्या छपाईत लांब 'एस' असतो. यंत्र तो 'एफ' वाचतं, म्हणून जुना शब्द असूनही शोधात सापडत नाही. दुसरी चूक याहून नेहमीची. 'सॅक' शोधलं की धान्याची पोती सापडतात, 'रोप्स' शोधलं की खरोखरचे दोर. आपल्याला हवा आहे लाक्षणिक अर्थाचा पहिला वापर. त्यामुळे आसपासची दोन वाक्यं वाचल्याशिवाय तारीख टिपू नका.

'रूल ऑफ थंब'चं घ्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने बायकोला मारायची इंग्लंडच्या कायद्याने मुभा दिली होती, त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात. ज्या न्यायाधीशाच्या नावावर हा नियम खपवला जातो त्याच्यावरची व्यंगचित्रं १७८२ ची आहेत. वाक्प्रचार मात्र सतराव्या शतकातच छापलेला सापडतो, तोही 'अंदाजाने मोजणे' याच अर्थाने. गोष्ट शब्दानंतर जन्मली, म्हणजे ती शब्दाचं मूळ असू शकत नाही.

कॉम्प्युटरच्या मुलांना 'बग'ची गोष्ट हमखास माहीत असते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात पतंगाचा किडा अडकला, तो नोंदवहीत चिकटवला गेला. हे खरं आहे. पण त्याच पानावर 'खरोखरचा बग सापडल्याची पहिलीच वेळ' अशा अर्थाची टीप आहे. शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणूनच त्या टिपेला मजा आहे. एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हटलेलं आहे.

फुल फॉर्मवाल्या गोष्टी सरळ बाजूला ठेवा. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, 'टिप' म्हणजे 'तत्पर सेवेची हमी'चं लघुरूप, 'कॉप' म्हणजे गस्तीवरचा शिपाई: तिन्ही खोट्या. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची रीत फार क्वचित होती. ऑफिसात रोज लागणारा एक शब्द मात्र याला ठळक अपवाद आहे, 'ओके'. 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायची टूम तेव्हा होती, त्याची आद्याक्षरं २३ मार्च १८३९ ला बोस्टनच्या एका दैनिकात छापली गेली. तारीख आणि पान हाती आहे, म्हणून ही गोष्ट टिकते.

मिठाची गोष्ट सगळ्यात चिवट. 'सॅलरी' हा शब्द लॅटिन 'सालारियुम'वरून आला आणि त्याचा 'साल' म्हणजे मिठाशी संबंध आहे, इथपर्यंत पक्कं. पण रोमन सैनिकांना पगारच मिठात मिळायचा, असं सांगणारा एकही प्राचीन मजकूर नाही. आपल्याकडे ही कथा लगेच पटते, कारण 'खाल्ल्या मिठाला जागणे' आणि 'नमकहराम' आपल्या तोंडात आहेतच. जी गोष्ट ऐकताक्षणी गोड लागते तिला दुप्पट तपासा. वर्गात एवढंच सांगा: शब्द मिठाशी जोडलेला आहे, पगार मिठात दिल्याचा पुरावा नाही.

तपासणी झाली की प्रत्येक वाक्प्रचारावर तीनपैकी एक शेरा मारा: पक्कं, शक्य, ऐकीव. ऐकीव असेल ते वर्गात सांगायचं नाही. शक्य असेल ते 'असं मानलं जातं' म्हणून सांगायचं. 'डेडलाइन' या मधल्या खान्यातला उत्तम नमुना आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल छावणीत कैद्यांसाठी तटबंदीच्या आतल्या बाजूला हलकं लाकडी कुंपण होतं. ते ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. त्या रेषेचं नावच डेडलाइन. इथपर्यंत पक्कं. पुढे छापखान्यात, ज्या रेषेपलीकडे खिळे नीट उमटत नाहीत तिलाही हेच नाव मिळालं आणि १९२० च्या सुमारास अमेरिकन वृत्तपत्रांत बातमी देण्याची शेवटची वेळ असा अर्थ रुळला. तुरुंगातून छापखान्यात शब्द नेमका कसा गेला, ही कडी निसटती आहे. तेवढ्या कडीवर 'शक्य' लिहा, बाकी निर्धास्त सांगा.

वस्तू हातात द्या

खानदेशात या कामाला एक मोठी सोय आहे. इंग्रजी वाक्प्रचार ज्या कामधंद्यांतून आले त्यातले बरेच इथे डोळ्यांसमोर चालतात.

'सीसी'पासून सुरुवात करा. रोज ईमेल पाठवणाऱ्या मुलांनाही ही 'कार्बन कॉपी' हे ठाऊक नसतं. तीन कोरे कागद आणि दोन कार्बन घ्या. कार्बनची शाईची, चकचकीत बाजू खाली करून कागदांच्या मध्ये घाला, कडा जुळवा, वर टाचणी लावा आणि बॉलपेनने दाबून चार ओळी लिहायला सांगा. शाईपेन चालणार नाही, दाब पडत नाही. कार्बन उलटा गेला तर अक्षर वरच्याच कागदाच्या पाठीवर उलटं उमटतं, दुसरी प्रत कोरी राहते. एखाद्या गटाचं हमखास तसं होतं, ते मुद्दाम सगळ्यांना दाखवा. तिसरी प्रत फिकी येते. आता विचारा, मूळ पत्र कोणाला गेलं आणि फिकी प्रत कोणाला? सीसीतल्या माणसाने उत्तर द्यायचं नसतं, त्याला नुसती माहिती असावी म्हणून प्रत जाते, हे इथे वेगळं समजावावं लागत नाही. 'बीसीसी' म्हणजे ज्या प्रतीची नोंद मूळ पत्रावर नाही ती. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बिलबुकं विकणाऱ्या दुकानात कार्बन अजून मिळतो.

'रेड टेप'साठी तहसील कचेरीतले जुने रेकॉर्ड आठवा: लाल कापडात बांधलेले गठ्ठे, वर गाठ. इंग्लंडातही सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या फितीने बांधत आणि अठराव्या शतकापासून ती फीत कूर्मगती कारभाराची खूण झाली. आपली 'लालफीत' त्याच शब्दाची सावली. मुलं इथे दोन चुका करतात. लाल म्हणजे धोका किंवा मनाई असं समजून ती बंदीला 'रेड टेप' म्हणतात. अर्थ आहे दिरंगाई, नको इतके फॉर्म, सह्या. दुसरी चूक अनेकवचनाची. 'रेड टेप्स' कोणी म्हणत नाही, कितीही सह्या लागल्या तरी 'टू मच रेड टेप'.

'गेट द सॅक' समजवायला गवंडी मिस्त्रीची थैली आणा: थापी, ओळंबा, गुण्या, लेव्हल. कारागीर स्वतःची हत्यारं स्वतः बाळगतो. मालकाने काम संपलं म्हटलं की थैली उचलायची. 'त्याची थैली त्याच्या हाती दिली' अशा धर्तीचा फ्रेंच वाक्प्रचार १६११ च्या एका फ्रेंच-इंग्रजी कोशात नोकराला काढण्याच्या अर्थानेच आहे. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. थैली हत्यारांचीच, हा भाग 'शक्य'. त्याचा भाऊ 'फायर्ड' हा अमेरिकन. 'डिस्चार्ज'चे दोन अर्थ, नोकरीतून मोकळं करणे आणि बंदूक झाडणे, यांवरून तो तयार झाला. नको असलेल्या माणसाचं घर जाळत म्हणून 'फायर', ही कथा ऐकीव. दोन्ही शब्द बोलण्यातले आहेत. अर्जात, राजीनाम्यात, मुलाखतीत स्वतःबद्दल बोलताना ते वापरू नयेत हे बजावून सांगा.

भुसावळच्या मुलांना रेल्वेचे शब्द शिकवताना फार कमी बोलावं लागतं. मेल-एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करतात, तोच 'साइडट्रॅक'. गाडी रद्द झालेली नसते, मोडलेलीही नसते, मुख्य मार्गावरून हटवलेली असते. म्हणून बैठकीत मूळ मुद्दा राहून दुसरंच बोलणं सुरू झालं तर 'वी गॉट साइडट्रॅक्ड'. काम कायमचं बंद पडलं तर तो शब्द चुकला. 'लेट ऑफ स्टीम' बॉयलरचा. दाब जास्त झाला की झडप उघडून वाफ सोडतात, नाहीतर बॉयलर फुटतो. वर्गात वाफेचं इंजिन आणता येत नाही, पण कुकरची शिट्टी सगळ्यांना माहीत आहे. इथला खड्डा मराठीनेच खणलेला आहे: 'तोंडाची वाफ दवडणे'. मुलांना वाटतं 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे उगाच बोलून दम घालवणं. अर्थ अगदी वेगळा, साठलेला राग किंवा ताण निरुपद्रवी वाटेने मोकळा करणं. दोन्ही वाक्प्रचार फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, नाहीतर गोंधळ जात नाही.

कपाशीच्या पट्ट्यातल्या मुलांना एक शब्द भेट म्हणून द्या. ज्या जिनिंगमध्ये त्यांचा कापूस जातो, सरकी आणि रुई वेगळी होते, त्यातला 'जिन' हा 'एंजिन'चाच तुटलेला तुकडा आहे. एलाय व्हिटनेला कापसाच्या जिनचं पेटंट मिळालं १४ मार्च १७९४ ला. हा वाक्प्रचार नाही, पण इंग्रजी शब्द यंत्रांच्या अंगाखांद्यावर कसे वाढतात हे यातून चटकन पटतं.

'फ्रीलान्स'साठी मराठी इतिहास पुरेसा आहे. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या कादंबरीत कोणाच्याही चाकरीत नसलेल्या भालाइतांना 'फ्री लान्सेस' म्हटलं आहे. लान्स म्हणजे भाला, फ्री म्हणजे बंधनमुक्त. फुकटशी त्याचा काही संबंध नाही, हे ठासून सांगा, कारण फ्रीलान्सर फुकट काम करतो असा समज पालकांतही आहे. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यारं आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा लॅपटॉप घेऊन काम पकडणारा शिलेदार, कंपनीच्या लॅपटॉपवर बसलेला बारगीर. एवढं सांगितलं की मुलं पुढचे प्रश्न स्वतःच विचारतात: मोबदला कोण ठरवणार, यंत्र बिघडलं तर खर्च कोणाचा.

समुद्राचे शब्द

इथे खानदेशची सोय संपते. तापी आहे, पण शिडाची जहाजं नाहीत, आणि इंग्रजीचे निम्मे कामकरी वाक्प्रचार जहाजावरचे वाटावेत इतके ते आहेत. यावर उपाय म्हणजे फळ्यावर चित्र. एक उभी डोलकाठी, तिला तीन आडव्या काठ्या, प्रत्येकीला शीड, आणि प्रत्येक शिडाला वर ओढायचा, खाली सोडायचा, डावी-उजवीकडे ताणायचा असे वेगवेगळे दोर. नव्या खलाशाला कुठला दोर कशाचा हे अंधारातही ओळखता यायला हवं. तेच 'लर्न द रोप्स'. म्हणून पहिल्या आठवड्यात नवख्याने म्हणायचं 'आय ॲम लर्निंग द रोप्स'. दहा वर्षं झालेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. 'टो द लाइन'मध्ये स्पेलिंग जपा: पायाचं बोट रेषेला लावून उभं राहणं, म्हणजे शिस्तीत राहणं. दोर लावून ओढण्याचा 'टो' लिहिला की वाक्यच फिरतं.

त्याच चित्रावर 'स्ट्राइक' दाखवा. जहाजाच्या भाषेत शीड 'स्ट्राइक' करणं म्हणजे खाली उतरवणं. १७६८ साली लंडनच्या नदीत खलाशांनी मजुरीच्या भांडणात शिडं उतरवून जहाजं अडवली आणि तेव्हापासून काम बंद पाडण्याला 'स्ट्राइक' नाव पडलं. मुलं 'मारणे' हा अर्थ धरून बसलेली असतात, त्यांना शीड उतरताना दाखवलं की संप आणि हा शब्द जुळतो.

संपाच्या शेजारचे दोन शब्द सोबतच उरका. 'बॉयकॉट' हे माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. मजूर पीक कापेनात, दुकानदार माल देईनात. शेवटी बाहेरून ५० माणसं आणून सुमारे १००० सैनिकांच्या पहाऱ्यात त्याचं पीक काढावं लागलं. आपलं 'वाळीत टाकणे' त्या घटनेला जास्त जवळचं आहे, कोशातला 'बहिष्कार' थोडा कोरडा पडतो. 'सॅबोटाज', म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, फ्रेंच 'साबो' म्हणजे लाकडी बुटावरून आला हे पक्कं. कामगारांनी यंत्रात बूट फेकले, ही लोकप्रिय गोष्ट ऐकीव. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ बूट खडखडवत चालणे, त्यावरून काम गबाळेपणाने करणे. इंग्रजीत शब्द आला तो १९१० च्या फ्रेंच रेल्वे संपाच्या आसपास.

जन्मतारीख ठाऊक असलेले वाक्प्रचार सोपे असतात, त्यांवर वेळ घालवू नका. 'ग्लास सीलिंग', म्हणजे बायकांची बढती अडवणारा न दिसणारा अडसर, हा शब्द १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिसंवादात मॅरिलिन लोडेन बोलल्या. 'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड', म्हणजे फसलं, आता पुन्हा पहिल्यापासून, हा मार्च १९४१ च्या पीटर आर्नोच्या व्यंगचित्रातून पसरला: विमान कोसळलेलं, आणि आराखड्याची गुंडाळी काखेत घेऊन एक माणूस शांतपणे परत निघालेला.

साहेबाने मागे ठेवलेलं

'डू द नीडफुल' आणि 'आउट ऑफ स्टेशन' हे आपल्या अर्जांत अजून जागोजाग आहेत. पहिला ब्रिटनमध्ये कधीच मागे पडला, म्हणून परदेशी ग्राहकाला लिहिताना त्याऐवजी नेमकं काय करायचं ते लिहावं: 'कृपया सही करून परत पाठवा'. दुसऱ्यातलं 'स्टेशन' रेल्वेचं नाही, हे भुसावळला खास सांगावं लागतं. कंपनी सरकारच्या काळात साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण ते स्टेशन. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. असं ठाणं सोडून गेलेला अधिकारी 'आउट ऑफ स्टेशन'. रेल्वे त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. बाहेरच्या माणसाला लिहिताना 'आउट ऑफ टाउन' लिहा.

तासाची आखणी आणि कार्ड

४० मिनिटांच्या तासाला ३ वाक्प्रचार पुरे, चौथा घेतलात तर पहिला विसरतात. पहिली ५ मिनिटं वस्तू किंवा चित्र, वाक्प्रचाराचं नाव न घेता. नंतर ५ मिनिटं मूळ आणि तारीख. मग प्रत्येकी २ वाक्यं लिहायची, एक बोलण्यातलं, एक ईमेलमधलं. सर्वात जास्त वेळ याला द्या. शेवटी चुकीची वाक्यं फळ्यावर मांडून दुरुस्त करा: 'डेडलाइन डेट' नको, डेडलाइनमध्येच तारीख आली. डेडलाइन 'क्रॉस' करण्याऐवजी 'मिस' किंवा 'मीट' करा. 'रिव्हर्ट बॅक'मध्ये 'बॅक' फालतू.

प्रत्येक वाक्प्रचाराला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करा. वर वाक्प्रचार, त्याखाली पहिल्या लाक्षणिक वापराचं साल आणि ते कुठे पाहिलं, मग शब्दशः अर्थ, शेरा आणि एक बरोबर वाक्य. पाठीमागे मुलांच्या नेहमीच्या चुका. साल पेन्सिलीने लिहा. जुनी वृत्तपत्रं दर वर्षी नव्याने स्कॅन होतात आणि आधीचा वापर सापडत राहतो. जुनं साल खोडू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवं लिहा आणि ज्या तुकडीला जुनं सांगितलं होतं तिच्या ग्रुपवर दुरुस्ती टाका.